वेळेचा रकाना

माणूस समोर आला की रामकिसन आधी त्याची रुंदी बघायचा. चेहरा नंतर. अंबड ते घनसावंगी अशी त्याची जीप चालायची, आणि मागच्या बाकांवर कोण किती जागा व्यापणार हे त्याला एका नजरेत ठरवावं लागे. "काकू, तुमी खिडकीशी. मामा, तुमी जरा बारीक व्हा. पोतं बारीक होत न्हाई, मानूस होतं." असं बोलत बोलत तो चौघांच्या बाकावर सहा जणांना बसवी, आणि कुणी भांडत नसे. एकदा एक जाडजूड गृहस्थ चिडून म्हणाले, "आता मी काय टपावर बसू का?" रामकिसन शांतपणे म्हणाला, "टपावर जागा न्हाई मामा, तिथं तुमच्या वजनाचा कापूस बसलाय."

मीरा, अर्णव, तुम्ही दोघं त्याला कधी भेटला नाहीत. तुम्ही सुट्टीत येता तेव्हा तुमचा बाबा विमानतळावरूनच गाडी करतो, त्यामुळे तुम्ही असल्या जीपमध्ये बसण्याचा प्रश्न आला नाही. त्याच्याबद्दल मी क्रमाने सांगणार आहे. यातला मधला एक भाग माझ्याबद्दल आहे, आणि क्रम सोडला तर तो गाळायचा मोह मला होईल.

मी त्याला प्रथम भेटले ती जांब समर्थला देवदर्शनाला निघाले होते तेव्हा. वयाचा मान म्हणून त्याने मला पुढची जागा दिली होती. गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "बाई, तुमी इंग्रजीच्या ना? पोरींच्या शाळेतल्या?"

"होते. आता घरी असते."

त्याने काचेजवळ खोचलेली एक दुमडलेली वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. वाकड्यातिकड्या अक्षरांत इंग्रजी शब्द एकाखाली एक लिहिले होते: फ्लेक्स, रॅप, ग्रो, श्रिंक, गॅप, जस्टिफाय.

"हे शब्द तुला कुठे भेटले? तालमीत?"

"वेबसाइट करून राह्यलो बाई."

सगळी जीप हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "रामकिसन, आधी हॉर्न दुरुस्त कर, मंग वेबसाइट कर." तोही हसला. पण उतरताना त्याने मला हळूच विचारलं, "उद्या चार वाजता आलो तर चालंल का? ह्या शब्दांचा अर्थ बराबर कळला तर माझं काम जल्दी होईल."

तो चार वाजता आला. मग रोजच येऊ लागला. हिंदी व्हिडिओ बघून तो पुष्कळ शिकला होता, पण त्याचं इंग्रजी नववीत सुटलं होतं. तुमच्या बाबाचा जुना लॅपटॉप माझ्याकडे पडून होता, तो मी जेवणाच्या टेबलावर मांडला. मी शब्दाचा अर्थ सांगायची आणि तो त्या शब्दाने पडद्यावर काय घडतं ते मला दाखवायचा. कोण कुणाला शिकवतंय हे पंधरा दिवसांनी मला सांगता आलं नसतं.

मीरा, तू हेच काम करतेस, तेव्हा माझं वर्णन वाचून तुला हसू येईल. येऊ दे. त्याने मला असं समजावलं होतं. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या बघून तो म्हणाला, "बाई, तुमच्या डब्यावर लिव्हलंय 'हरभऱ्याची डाळ'. माझ्या पडद्यावरच्या डब्यावर लिव्हायचं, 'आडवं बस'. दुसरी चिठ्ठी, 'मावलं न्हाई तर खालच्या बाकावर जा'. तिसरी, 'मधी बोटभर जागा ठेव'. प्रत्येक चिठ्ठी एकच काम सांगती. पायजे तेवढ्या चिठ्ठ्या एका डब्याला लावायच्या. येगळं काही लिव्हायचं कामच न्हाई."

"आणि ग्रो?"

"रिकामी जागा दिसली की पाय पसरनारा."

"श्रिंक?"

"सरका म्हनलं की सरकनारा. अन् श्रिंकपुढं शून्य लिव्हलं की झालं पोतं. गाडी पलटी झाली तरी ते दबनार न्हाई."

छत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. इतकी स्वच्छ व्याख्या मला क्वचितच करता आली.

हे सगळं कशासाठी, ते मात्र त्याने महिनाभर सांगितलं नाही. एक दिवस मीच विचारलं. त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव कौसाबाई. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला वाढवलेलं. दोन वर्षांपूर्वी उसाचं पाचट गोळा करताना तिला घोणस चावली. रामकिसनने तिला जीपमध्ये घातलं आणि जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं. तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन नव्हतं. दुसरीकडे नेलं. तिथलं आदल्याच दिवशी संपलं होतं. तिसरीकडे जाताना, ज्या बाकावर तो रोज सहा जणांना बसवायचा, त्यावर ती एकटी आडवी होती. तिथेच ती गेली. तेराव्याच्या दिवशी त्याला कळलं की गावापासून उलट्या दिशेला, अर्ध्या तासावर, एका केंद्रात ते इंजेक्शन त्या दिवशी होतं.

"औषध नव्हतं असं न्हाई बाई," तो म्हणाला. "व्हतं. दुसऱ्या बाजूला व्हतं. मला ठावं नव्हतं, एवढंच."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून नंतर कितीतरी वेळा ऐकलं. तो ते रडून सांगत नसे. रस्ता चुकलेल्याला वाट सांगावी तसं सांगे.

त्याच्या वेबसाइटचं पान यासाठी होतं. आसपासच्या केंद्रांची नावं, प्रत्येकापुढे इंजेक्शन आहे की नाही, तिथला फोन, आणि ही माहिती कधी विचारली ती वेळ. एका ओळीत चार रकाने. साप चावलेल्या माणसाला पहिल्याच खेपेत बरोबर ठिकाणी नेता यावं, याहून त्यात काहीही नव्हतं. माहिती आणायचे जीपवाले. प्रत्येक रस्त्यावर एक तरी जीप केंद्राच्या दारावरून जातेच. चालकाने उतरून औषधं देणाऱ्याला विचारायचं आणि रामकिसनला फोन करायचा. सुरुवातीला त्यांनी त्याची थट्टा केली. पण साप चावलेला माणूस बाकावर घेऊन धावण्याची वेळ त्यांच्यातल्या प्रत्येकावर कधी ना कधी आली होती, म्हणून थट्टा करत का होईना, ते विचारू लागले.

लॅपटॉपवर पान देखणं दिसायचं. फोनवर मात्र ओळ उजवीकडून बाहेर पळायची. मग त्याने रॅपची चिठ्ठी लावली. आता जे मावेना ते खालच्या ओळीवर उतरू लागलं. गाव, आहे-नाही आणि फोन हे तिन्ही वर बसले. वेळेचा रकाना एकटा खाली लोंबू लागला. प्रत्येक केंद्राखाली तो लोंबता तुकडा: 'सकाळी आठला विचारलं', 'काल दुपारी विचारलं'.

मला ते बघवेना. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. समास न आखलेली वही मी कधी तपासली नाही. मी म्हटलं, "रामकिसन, हे फार गबाळं दिसतं. फोनवर हा रकाना नकोच. लोकांना आहे की नाही एवढंच हवं असतं."

"ऱ्हाऊ द्या बाई. टाइम लिव्हल्याबिगर गाडीचा काय भरोसा?"

"अरे, घाबरलेल्या माणसाला जितकं कमी दाखवशील तितकं चांगलं. लपवता येत नाही का?"

"येतं की. 'हिडन' म्हनून चिठ्ठी हाये."

"मग लाव."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर रामकिसन वाद घालत बसला असता, प्रवाशांशी घालायचा तसा. पण मी बाई होते. त्याने दोन चिठ्ठ्या लावल्या: अरुंद पडद्यावर लपव, रुंद पडद्यावर दाखव. फोनवरचं पान एकदम नीटनेटकं झालं. मी त्याला शाबासकीही दिली.

माझ्या लॅपटॉपवर चारही रकाने दिसत राहिले. त्या पंचक्रोशीत ते पान लॅपटॉपवर बघणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे वेळ फक्त मला दिसत होती. ज्याला कधी कुठे धावायचं नव्हतं, अशा एका माणसाला.

वर्षभर पान उत्तम चाललं. निदान तिघं जण पहिल्याच केंद्रात पोचून वाचले, हे आम्हाला नावानिशी माहीत होतं. वाचलेल्या एका म्हाताऱ्याने जीपमध्ये रामकिसनच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तो म्हणाला, "मामा, हात काढा, समोरचं दिसंना." दोन दिवस तो खुशीत होता.

मग रामनवमी आली. जांबला उत्सव असतो, आणि त्या दिवसांत झाडून सगळ्या जीप तिकडे वळतात. रामकिसनचीही वळली. बाकीच्या रस्त्यांवर काळं कुत्रं नसतं. केंद्रांच्या दारावरून कुणी गेलं नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. दोन दिवस पानावर जुनंच लिहिलेलं राहिलं. हे कसं लक्षात आलं नाही, असं तुम्ही विचाराल. माझ्या लक्षात आलं होतं. नवमीच्या सकाळी चहा घेताना मी पान उघडलं, आणि चौथ्या रकान्यात 'परवा सकाळी विचारलं' असं मी वाचलं. मनात म्हटलं, उत्सव आहे, उद्या भरतील. आणि लॅपटॉप मिटला.

त्याच सकाळी, कापूस निघालेल्या एका रानात मेंढ्या बसवून राहिलेल्या मेंढपाळांच्या तळावर, मुक्ताबाई नावाच्या तरुण सुनेला पऱ्हाट्यांच्या ढिगातून सरपण काढताना साप चावला. नवरा कळपामागे लांब गेला होता. तिच्या दिराने, बिराजीने, फोनवर पान उघडलं. एका केंद्रापुढे हिरव्या अक्षरांत 'आहे' होतं. तिला मोटरसायकलवर मध्ये बसवलं, मागे सासू धरून बसली, आणि ते तिकडे निघाले. तिथलं इंजेक्शन आदल्या दिवशी दुसऱ्या एका रुग्णाला देऊन झालं होतं. मुक्ताबाईने तिथेच ओट्यावर प्राण सोडला.

चार दिवसांनी बिराजी जीपच्या अड्ड्यावर आला. तो भांडला नाही, असं रामकिसनने मला सांगितलं. त्याने फक्त फोन पुढे धरला आणि म्हणाला, "हे बघ. आहे म्हन्तंय."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"माझी चूक, म्हनलं."

त्या दिवशी तो खुर्चीवर बसला नाही. उभ्यानेच वाकून त्याने लॅपटॉप उघडला, एक शब्द पुसला आणि पान पुन्हा लावलं. माझ्या फोनवर वेळेचा रकाना परत आला, तसाच खाली लोंबत. मी म्हटलं, "तो शब्द मी लावायला सांगितला होता."

"चिठ्ठी मी लावली."

"रामकिसन."

"तुमचं नाव मी कुटं घेतलं न्हाई बाई. घेनार बी न्हाई. बिलकुल काळजी करू नका."

तो ते मायेने म्हणाला. आणि बाळांनो, ती माया मी आठ दिवस अंगावर पांघरून बसले. माझं वय, माझं गावातलं नाव, मेंढपाळांना यातलं काय कळणार, अशी सगळी कारणं मी मनात क्रमाने लावून पाहिली. कारणं क्रमाने लावण्यात मी हुशार आहे. नवव्या दिवशी मी त्याला म्हटलं, "मला त्यांच्या तळावर घेऊन चल."

"कशाला बाई? त्याहीला रकाना कळनार न्हाई."

"मी शिकवीन."

तळ तोवर दुसऱ्या शिवारात हलला होता. बिराजी तिशीचा असेल. त्याने मला बसायला घोंगडी टाकली. मी वही काढली आणि दोन चौकटी काढल्या, एक रुंद आणि एक अरुंद. रुंद चौकटीत चार घरं, अरुंद चौकटीत तीन. म्हटलं, "हे माझ्या घरी दिसायचं. हे तुमच्या फोनवर. हे चौथं घर तुमच्या फोनवरून मी काढायला लावलं. या रामकिसनचं काही चुकलं नाही."

रामकिसन मेंढ्यांकडे तोंड करून उभा होता.

बिराजीने वही हातात घेतली. पुष्कळ वेळ पाहिली. मग विचारलं, "म्हंजी टाइम लिव्हलेला व्हता?"

"होता."

"तुमाला दिसत व्हता?"

"दिसत होता."

"त्या दिशी बघितला तुमी?"

मी तिथे खोटं बोलू शकले असते. कुणालाही कळलं नसतं. "बघितला," मी म्हटलं.

त्याने वही मिटून माझ्याजवळ ठेवली. म्हणाला, "आमच्यात वाचता येतं ते मला एकट्याला. भाऊ शिकला न्हाई. म्हनून फोन माझ्याकडं ऱ्हातो. म्हातारी म्हनत व्हती, जवळच्या दवाखान्यात चल. मी म्हनलं, न्हाई, इथं लिव्हलंय." मग तो उठला आणि कळपाकडे गेला. आम्हाला जा म्हणाला नाही, थांबा म्हणाला नाही. थोड्या वेळाने म्हातारी आली आणि माझ्या अंगाखालची घोंगडी ओढून घेऊन गेली.

परतीच्या वाटेवर रामकिसन एकच वाक्य बोलला. "बाई, मला वाटलं व्हतं तुमी माफी मागनार. तुमी तर धडा शिकवला." ते कौतुक होतं की दोष, मी विचारलं नाही. अजूनही मला ठरवता येत नाही.

त्यानंतर तो बदलला. पानावर त्याने वेळेचा रकाना सगळ्यात आधी आणला, गावाच्याही आधी, आणि त्याला श्रिंक शून्यची चिठ्ठी लावली. एक दिवस उलटून गेला की हिरवं 'आहे' करडं व्हायचं आणि पुढे 'आधी फोन करा' असं यायचं. कुणा चालकाचा फोन आला नाही, की तो स्वतः मोटरसायकल काढून त्या केंद्रावर जाऊन विचारायचा आणि मग जीप काढायचा. जीपमधली त्याची बडबड थांबली. लोक म्हणायचे, रामकिसन म्हातारा झाला. तो बेचाळीस वर्षांचा होता.

पुढच्या थंडीत, उसाचा हंगाम भरात असताना, एका धुक्याच्या सकाळी रस्त्यात उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे दिवा नव्हता, फडकंही बांधलेलं नव्हतं. रामकिसन त्या रस्त्याच्या केंद्रावर विचारायला निघाला होता. मोटरसायकल ट्रॉलीवर आदळली. त्याला दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

तो गेल्यावर चालकांचे फोन महिनाभरात बंद पडले. त्यांना दोष देत नाही. त्यांना ओढून धरणारा माणूस गेला होता. पान रिकामं पडलं. मग मी रोज सकाळी केंद्रांना फोन करू लागले. पानात माहिती कशी भरायची ते त्यानेच मला दाखवून ठेवलं होतं. एका केंद्रातला औषधं देणारा तरुण फार खट्याळ आहे. तो म्हणतो, "आजी, रोज विचारता, तुम्हाला साप चावलाय का?" मी म्हणते, "अजून नाही. आहे का ते सांग."

पण सगळेच फोन उचलत नाहीत. लांबच्या दोन केंद्रांपुढचं 'आहे' सारखं करडंच असायचं. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पाठीमागे मेंढ्यांचा आवाज येत होता. बिराजीने कुठून नंबर मिळवला, मला माहीत नाही. त्याने त्या दोन केंद्रांपैकी एकाचं नाव घेतलं आणि म्हणाला, "हितं हायेत. दोन पेट्या. मी डोळ्यानं बघितल्या. टाइम लिव्हा."

तेव्हापासून, तळ जिथे हलेल तिथून तो फोन करतो. कधी आठवड्यातून एकदा, कधी सलग चार दिवस. राम राम म्हणत नाही, माझी तब्येत विचारत नाही, मला बाई म्हणून हाकही मारत नाही. केंद्राचं नाव सांगतो, आहे की नाही ते सांगतो. मी "लिहिलं" म्हणते, तोवर त्याने फोन ठेवलेला असतो.